गोंद घट्ट आहे, काकी

आमच्या ग्रामदेवीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तो माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागच्या शिमग्यात हेच एक वाक्य मला वेळेवर बोलता आलं नाही आणि त्यापायी एका बाईच्या हातून देवीची पूजा जायची वेळ आली.

मी महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. आम्ही गोंदात लागणारं रेझिन बनवतो. माझं काम म्हणजे दोन वस्तू एकमेकींना चिकटवायच्या, ओलसर हवेत आणि भट्टीत ठेवायच्या आणि मग यंत्रात धरून ओढून तोडायच्या. उमेदीची सगळी वर्षं मी चिकटलेलं तोडण्यात घालवली आहेत, पण कॉलनीत आणि गावी माझी ख्याती मात्र चिकटवणारा म्हणून. फुटलेल्या फ्रेमा, चष्म्याच्या काड्या, स्कूटरचे आरसे सगळं आमच्या दारात येतं. आलेल्या माणसाला मी नुसता गोंद देत नाही, व्याख्यानही देतो. बायको म्हणते, "लोक वस्तू चिकटवायला येतात आणि तुम्ही त्यांनाच खुर्चीला चिकटवता."

त्या व्याख्यानातला माझा आवडता भाग काच आणि धातूचा. हे दोघं म्हणजे न पटणारं जोडपं. ऊन लागलं की धातू जास्त फुगतो, काच कमी. गारठ्यात धातू जास्त आखडतो, काच कमी. मधला गोंद ताठ स्वभावाचा असेल तर एक दिवस तो तरी सुटतो नाहीतर काच तरी तडकते. शिवाय काचेच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा कायम असतो, आणि घाईत लावलेला गोंद काचेला न धरता त्या पाण्यालाच धरून बसतो. म्हणून आधी दोन्ही बाजू स्वच्छ पुसा, धातू थोडा खरवडा, दोन नळ्या कालवून लावायचा गोंद घ्या किंवा रबरासारखा लवणारा घ्या, आणि एक दिवस त्याला हात लावू नका. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. तेव्हा 'मला माहीत नव्हतं' ही सबब मला नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कशेडीच्या जुन्या रस्त्याला. बोगदा झाल्यापासून ट्रक खालून जातात. वरच्या वळणावरची चहाची टपरी बंद पडली आणि रस्त्यात आता गुरं निवांत बसलेली असतात. वाडीत घरं पुष्कळ आणि माणसं थोडी, बाकीची मुंबईला. देवळातली देवीची दगडी मूर्ती जागची हलत नाही. शिमग्याला पालखीत बसून घरोघर जातो तो पितळी मुखवटा. त्याला काचेचे डोळे आहेत, पांढऱ्या काचेत काळं बुबुळ, कुणाच्या तरी पणजोबांनी लाखेने बसवलेले. मुखवटा वर्षभर लाल कापडात गुंडाळून लाकडी पेटीत असतो. शिमग्याआधी तो एकदा बाहेर काढून चिंचेने घासायचा, लगेच गुंडाळून पेटी बंद करायची, आणि मग पालखीच्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोरच उघडायची, असा रिवाज. मधल्या काळात देवीला उघडं ठेवत नाहीत.

हे सगळं गुरवीण काकी करते. काका आजारी पडले तेव्हापासून पूजा तीच करत होती, पण काका अंथरुणावर का होईना होते, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. ते गेले, आणि विधवा बाईने देवीला हात लावावा का हा प्रश्न काही जणांना पडू लागला. काकीचा मुलगा मुंबईत कंपनीची गाडी चालवतो, त्याला या कामात रस नाही. प्रश्न पडणारेही बहुतेक मुंबईतच राहणारे होते. वाडीत राहणाऱ्यांपुढचा प्रश्न वेगळा होता: काकीने नाही तर रोज सकाळी देवळात झाडू कोण मारणार?

त्या वर्षी मुखवटा घासताना देवीचा उजवा डोळा काकीच्या हातात आला. जुनी लाख वाळून तिचा भुगा झाला होता. काकीने मला फोन केला.

"रविवारी ये रे बाबा. देवीचा डोला निघालाय."

"कुणाला सांगितलंस?"

"तुला. आनि कोनाला सांगू? तुजं त्येच काम हाय ना?"

रविवारी निघताना महाडच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात थांबलो. दुकानदार मुसलमान, दुबईत बरीच वर्षं काढून परतलेला, माझा जुना मित्र. माझं व्याख्यान त्याने अनेकदा ऐकलेलं.

"काय चिकटवायचंय?"

"काच. पितळेला."

"मग दोन नळ्यांचा काढतो."

"नको, तो एका थेंबात बसणारा दे."

त्याने छोटी नळी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "सिलॅबस बदलला वाटतं, साहेब."

मी हसून विषय टाळला. दोन नळ्यांचा गोंद लावला असता तर देवीला दिवसभर उघडं ठेवावं लागलं असतं आणि मला संध्याकाळी परतायचं होतं, असं मी मनाशी म्हणालो. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं खरं असं की, दोन नळ्यांच्या गोंदाला बघणारे थांबत नाहीत. कालवा, लावा, दोरीने बांधा, उद्या बघा, यात काय शोभा आहे? एका थेंबाच्या गोंदात जादू असते, आणि देवळात त्या दिवशी माणसं जमलेली असणार हे मला ठाऊक होतं.

जमलीच होती. शिमग्याची तयारी बघायला मुंबई मंडळाचा चिटणीस आला होता. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. मी रसायनशास्त्र घेतल्यापासून तो मला केमिकल म्हणतो.

"थांब, केमिकल, व्हिडिओ घेतो. ग्रुपवर टाकू. जरा देवीचा फेस इकडे कर."

मी एक थेंब टाकला, डोळा बसवला, अंगठ्याने दाबला आणि श्वास रोखून धरला. हात काढला तर डोळा जागेवर. गावकीतले सगळ्यात वयस्कर आबा पुढे आले, त्यांनी बोटाने ढकलून पाहिलं आणि मान हलवली. "बसला." तेवढ्यावर थांबलो असतो तरी कदाचित निभावलं असतं. पण मोबाइल अजून माझ्याकडे रोखलेला होता. देवीचं काम आहे, हात आखडता कशाला, असं म्हणत मी त्या डोळ्याच्या कडेने आणखी गोंद फिरवला. मग डावा डोळाही सुटायच्या आधीच धरून ठेवू म्हणून त्याच्याही कडेने फिरवला. नळी संपली तेव्हा थांबलो.

काकीने मुखवटा हातात घेतला. दोन्ही डोळे लागलेली देवी बघून ती हसली. "बघ कशी टकामका बगते," म्हणाली. मग मुखवटा लाल कापडात गुंडाळला आणि पेटी लावली.

आता जे सांगतो ते मी आमच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात सांगतो. हा गोंद जास्त झाला आणि हवा कोंडलेली असली तर त्याची वाफ वर येते आणि आसपासच्या पृष्ठभागावर पांढरी पूड होऊन बसते. काळ्या आणि गुळगुळीत काचेवर तर फारच छान बसते. मी काकीला पेटी लावताना पाहिलं. व्हिडिओ बरा आला का, एवढंच मी चिटणीसाला विचारलं आणि महाडला परतलो.

पालखीच्या सकाळी आबांच्या सांगण्यावरून काकीने पेटी उघडली, कापड बाजूला केलं. ढोल वाजायला लागला होता तो आपोआप थांबला. देवीचे दोन्ही डोळे पांढरे होते. काळी बुबुळं साय धरल्यासारखी झाली होती.

एक म्हातारी पुढे झाली, तिचं त्याच वर्षी पनवेलला डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिने नीट वाकून पाहिलं. "माजं पन असंच झालेलं गो," ती शेजारणीला म्हणाली. "आयेला काय दिसत नसल आता."

कुणी हसलं नाही. चिटणीस म्हणाला, "मी तीन वर्षं सांगतोय, विधवेच्या हातची पूजा नको. देवीने डोळे फिरवले. आता ह्याच्यापेक्षा क्लिअर काय पाहिजे?"

सगळे काकीकडे बघायला लागले. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही, आणि मी टोपी सारखी करत मागच्या रांगेत उभा होतो. मला एका क्षणात कळलं होतं. तोंड उघडायचं, 'हा माझ्या गोंदाचा धूर आहे' म्हणायचं, काम संपलं असतं. पण तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होता, आणि त्यात माझ्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी स्वतः अनेकदा बघितले होते. पालखी जाऊन येऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं. पालखी घरोघर जाऊन आली. दारादारांत बायकांनी ओटी भरली, देवीच्या डोळ्यांकडे बघितलं आणि आपल्या पोरांना मागे ओढलं. मग सांगू म्हटलं ते उद्यावर गेलं.

संध्याकाळी गावकी बसली. ठरलं असं की येत्या रविवारी देवीला कौल लावायचा. कौल म्हणजे दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात बुडवलेली फुलाची पाकळी लावायची आणि प्रश्न विचारायचा. देवीच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एरवी कौल काकीच लावते, पण प्रश्न तिच्याबद्दलचाच असल्यामुळे शेजारच्या वाडीचा गुरव बोलवायचा होता. प्रश्न साधा होता: काकीने पूजा चालू ठेवायची की नाही.

तो आठवडा मी महाडमध्ये काढला. कारखान्यात रोज चिकटवलेले तुकडे यंत्रात घालून तोडत होतो. मंडळाच्या ग्रुपवर देवीच्या डोळ्यांचे फोटो मोठे करून फिरत होते. मी मजकूर लिहीत होतो आणि पुसत होतो. एकदा तर 'काच आणि धातू यांच्या प्रसरणातील फरक' अशी सुरुवात केली, आणि स्वतःचीच लाज वाटून मोबाइल उलटा ठेवला. माफी मागायला बसलो तरी माझ्यातला व्याख्याता आधी उठून उभा राहायचा.

बुधवारी काकीचा फोन आला.

"येक विचारू? तुज्या गोंदाचं काय झालं नाय ना?"

एवढं स्वच्छ दार कुणी कुणासाठी उघडून देत नाही. मी म्हणालो, "गोंद घट्ट आहे, काकी."

यातला शब्दन् शब्द खरा होता. डोळा जागेवरच होता, दोन्ही हातांनी ओढला असता तरी निघाला नसता.

"मंग माजंच कायतरी चुकलं," काकी म्हणाली. "त्या दिशी पेटी लावताना मी हसले, तुला आटवतं? टकामका बगते म्हनले. देवीला असं हसू नये. दुसरं तर मला काय सापडत नाय." मग तिने विचारलं, "तू रविवारी येशील ना?"

मी येतो म्हणालो.

रविवारी माझ्या खिशात कापूस आणि ॲसिटोनची छोटी बाटली होती. ॲसिटोनने ती पांढरी पूड पुसली जाते. माझा बेत असा की सगळे कौलाकडे बघत असताना किंवा नंतर जेवायला बसल्यावर हळूच डोळे पुसायचे. देवीने डोळे उघडले असं लोक म्हणतील, काकी सुटेल, आणि मीही सुटेन. एक चमत्कार करून वर गुपचूप राहायची माझी तयारी होती. या बेताला मी सकाळपासून प्रायश्चित्त म्हणत होतो.

मुखवटा दगडी मूर्तीच्या पुढ्यात पाटावर ठेवला होता. काकीला सभामंडपाच्या खांबाशी बसवलं होतं. तिने गुडघे जवळ घेतले होते. शेजारच्या वाडीच्या गुरवाने दोन पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या खांद्यांवर लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "पूजा चालू ठेवायची तर उजवा दे, नसल ठेवायची तर डावा दे, गो आये."

सगळे पाकळ्यांकडे बघत होते. मीही बघत होतो, आणि मला जे दिसलं ते दिसायला नको होतं. समई देवीच्या डाव्या बाजूला होती. डाव्या खांद्यावरच्या पाकळीखालचं पाणी आधी वाळणार होतं. आयुष्यभर मी हेच केलं आहे: ओल, ऊब, पृष्ठभाग, किती वेळात सुटेल. डावी पाकळी आधी पडणार, हे मी पैजेवर सांगितलं असतं. तिची एक कड उचललीही गेली होती.

"थांबा," मी म्हणालो.

चिटणीस वैतागला. "आता काय, केमिकल?"

मी पुढे गेलो आणि सांगितलं. व्याख्यान दिलं नाही. चुकीचा गोंद मी आणला, जास्त मी लावला, पेटी बंद करताना गप्प मी बसलो, डोळ्यांवर बसला आहे तो त्या गोंदाचा धूर आहे.

आबांनी कानामागे हात धरला. "गोंदाचा धूर देवीच्या डोल्यात गेला म्हनतोस?"

"हो."

"आनि आठवडाभर तू काय करत व्हतास?"

मी बाटली काढली, कापूस भिजवला आणि डावा डोळा पुसला. बुबुळ काळंभोर झालं. मागून कुणीतरी "आई गं" म्हणालं. मग उजवा पुसला. तोही काळाभोर झाला, आणि सुटून माझ्या तळहातावर पडला. ॲसिटोनने तो गोंदही विरघळतो. हेसुद्धा मला माहीत होतं.

आबा मान पुढे करून माझ्या तळहाताकडे बघत राहिले.

"उजवा दिला," ते म्हणाले.

"काय उजवा दिला?" चिटणीस म्हणाला. "आबा, तो केमिकल लावून पाडलाय त्याने. आपल्या डोळ्यांदेखत."

"फूल काय सुक्कं लावतोस काय? त्ये पान्यानं पडतं, ह्यो ह्याच्या पान्यानं पडला. उजवा मागितला, उजवा दिला."

"आबा, तो खरंच ॲसिटोनमुळे पडला," मी म्हणालो. मला वाटलं, निदान आता तरी पूर्ण खरं बोलावं.

"तू गप रे. देवीनं सांगितलं, आता तू मधी नको बोलू."

ढोल वाजला. गुलाल आला. लोक मला येऊन भेटायला लागले, कारण देवीने आपला कौल दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्या हातात टाकला होता. आठवडाभर जे वाक्य मी लिहून पुसत होतो ते मी बोललो आणि कुणी ऐकलंच नाही. ज्या पाकळ्यांसाठी सगळे जमले होते त्या दुपारपर्यंत खांद्यांवर तशाच होत्या. कुठली आधी पडली ते मीही बघितलं नाही. चिटणीसानेसुद्धा शेवटी माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला.

काकी मात्र खांबाजवळून उठली, माझ्या तळहातावरचा डोळा उचलून तिने पदराच्या टोकात बांधला. "आता नीट बसव," एवढंच म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं.

पुढच्या शनिवारी रजा टाकून गेलो. महाडच्या त्याच दुकानात मी सिलिकॉन मागितलं, तेही बिनवासाचं, कारण व्हिनेगरसारखा वास येणाऱ्यात आम्ल असतं आणि त्याने पितळ हिरवं पडतं. दुकानदाराने नळी दिली. देवळात बसून मी मुखवट्याच्या दोन्ही खोबणींतली जुनी लाख आणि माझा गोंद खरवडून काढला, पितळ आणि काच पुसली, आणि डोळे बसवले. हे सिलिकॉन रबरासारखं लवतं; काच आणि पितळ आपापल्या परीने फुगले-आखडले तरी दोघांना सांभाळून घेतं. पण ते हवेतली ओल पिऊन हळूहळू घट्ट होतं. त्याला कोंडून चालत नाही.

"म्हणजे उद्यापर्यंत उघडी ठेवावी लागेल," मी म्हणालो. "कुणाला विचारायला लागेल का?"

"कोनाला विचारतोस? पूजा माज्याकडं हाय," काकी म्हणाली. "पन येकटी नको ठेवू. मी बसते."

मीही बसलो. बाहेर जुन्या रस्त्यावर एखादी मोटारसायकल जायची, तेवढाच आवाज. काकीने चहा आणला. देवी पाटावर बसून दोन्ही डोळ्यांनी आमच्याकडे बघत होती, आणि खरोखर टकामका बघत होती. काकीने एकदा तिच्याकडे पाहिलं, तिच्या ओठांच्या कडा हलल्या, आणि तिने चटकन खाली बघून कप उचलला.

तेव्हा मला कळलं की वाडीसमोर मी जे कबूल केलं ते सोपं होतं. ते गोंदाबद्दल होतं.

"काकी," मी म्हणालो, "त्या बुधवारी तू फोनवर विचारलंस, तेव्हा मला सगळं माहीत होतं. घट्ट आहे म्हणालो ते तुला फसवायलाच म्हणालो, आणि तू स्वतःत चूक शोधत बसलीस ती ऐकूनही गप्प राहिलो. माझं चुकलं. मला माफ कर. आणि तू त्या दिवशी हसलीस, त्यात काहीसुद्धा चुकीचं नव्हतं."